उंबराचं पाणी चांगलं होतं

नवसूदादा,

तू गेल्याची बातमी आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर आली आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही हात जोडले. मग कुणीतरी तुझा एक जुना फोटो टाकला. तू तुझ्या अंगणात उकिडवा बसला आहेस, माझ्या पाठीवरच्या पिशवीची निळी नळी तोंडात धरून, आणि सगळे तुझ्याकडे बघून हसताहेत. हसणाऱ्यांत मी पुढे आहे. फोटो कोणत्या दिवसाचा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

दोन दिवसांनी वार्षिकांकवाल्यांचा फोन. "नवसूदादावर तूच लिही. तुझा जास्त घरोबा होता." मी लिहिलंही. तुझे अनवाणी पाय, कमरेचा कोयता, वाट चुकली की तू वाटेला नाही, समोरच्या झाडाला शिवी द्यायचास, ते सगळं. दीड पान झालं. वाचून बघितलं तर मलाच गहिवरून आलं. तेव्हाच फाडलं. त्यात तू होतास, डोंगर होता, मी तुझं काय केलं ते नव्हतं.

हे दुसरं लिहितोय. अंकात घेतील तर घेतील. नाही घेतलं तर मी ग्रुपवर टाकेन. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर प्रश्नच नाही. पण तुला उद्देशून लिहिल्याशिवाय माझ्याच्यानं खरं लिहवणार नाही.

पहिल्यांदा आलो तेव्हाचं आठवतं का? आम्ही सात-आठ जण, बोईसर-पालघरचे, बूट, टोप्या, गळ्यात शिट्ट्या. गडाची वाट विचारायला तुझ्या अंगणात शिरलो. तू वाट सांगितली नाहीस. आधी यमुनावहिनी तांब्या घेऊन आली. तुझ्या पाड्यात दारात आलेल्याला आधी पाणी, मग नावगाव, मग काम. माणूस पाणी न पिता परतला तर घराला कमीपणा. मी प्यायलो, तू माझ्या गळ्याकडे बघत उभा.

"कसा हाय?"

"थंड आहे."

"थंडा नाय विचारला. गोड हाय का?"

"गोड आहे."

तेव्हा कुठे तू कोयता अडकवलास आणि पुढे चालू लागलास. वाटेत सांगितलंस, वैशाखात खालच्या विहिरी आटतात, पण उंबराखालचा झरा नाही आटत. "आमच्या पाड्यात दाखवाया दुसरा काय हाय सायेब? देऊळ नाय, वाघ नाय. पाणी हाय."

मी तुला दादा म्हणायचो आणि अरेतुरे करायचो. तू मला तू म्हणायचास आणि वर सायेब लावायचास. ते आपल्या दोघांनाही सोयीचं होतं. माझे वडील गेले तेव्हा तू बोईसरला आमच्या बिल्डिंगमध्ये आलास, चार जिने चढून. सोफ्यावर बसला नाहीस, फरशीवर भिंतीला टेकलास. दोन तास. एकच वाक्य बोललास, "बाप गेला का मानूस अंगनात एकटा पडतो." बाकी आलेले लोक कितीतरी बोलले, त्यातलं काही लक्षात नाही. माझ्या बायकोनं तुला मशीनचं पाणी आणून दिलं. ते कुठलं, कसलं, काही न विचारता तू एका दमात प्यायलास आणि भांडं तिच्या हातात दिलंस.

हे मी का लिहितोय ते पुढे कळेल.

मी तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सांडपाण्याच्या विभागात आहे, हे तुला माहीत होतं. "गटाराचा सायेब" असं तू वहिनीला सांगितलेलं मी ऐकलंय. तीस वर्षं काळं, पिवळं, फेसाळ पाणी बघितलेल्या माणसाला कुठल्याच पाण्याचा भरवसा वाटत नाही. त्यामुळे ती पिशवी आणि तो फिल्टर मी घेतला यात वावगं काही नव्हतं. दोन लिटरची पिशवी पाठीवरच्या सॅकमध्ये, तिची नळी खांद्यावरून तोंडाशी, आणि नळीच्या मधोमध मुठीत मावेल एवढा फिल्टर. कसलंही ओढ्याचं पाणी पिशवीत भरा, नळी चोखा, जंतू मधल्या फिल्टरमध्ये अडकतात, तोंडात येतं ते साफ. रसायनं त्यात अडकत नाहीत, आमच्या कारखान्याच्या पाण्याला तो काही करू शकला नसता. पण डोंगरातल्या पाण्याला पुरेसा.

वावगं पुढे झालं. तुझ्या अंगणात, वहिनी तांब्या घेऊन उभी असताना, मी तो तांब्या हातात घेतला, पिशवीत रिकामा केला आणि नळी तोंडात धरली. आणि सगळ्यांना प्रात्यक्षिक दाखवलं.

"सायेब, तू तं वासरासारखा चोखतूस," तू म्हणालास. सगळे फुटले.

"बघ पिऊन."

तू बसलास, नळी चोखलीस. तोच फोटो.

"हा तं आमचाच पाणी."

"गाळलेलं आहे."

"गाळाया काय होता त्यात?"

मला तिथेच थांबता आलं असतं. "काही नव्हतं रे, सवय," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण बाकीचे ऐकत होते. मी म्हणालो, "डोळ्यांना दिसत नाही असं बरंच काही असतं पाण्यात."

तू मान हलवलीस. वहिनी रिकामा तांब्या घेऊन आत गेली आणि बाकीच्यांसाठी परत बाहेर आली. त्या सगळ्यांनी, प्रकाशनंही, तांब्यानंच पाणी प्यायलं.

प्रकाश म्हणजे आमचा समुद्रकाठच्या दांडीचा प्रकाश, माझ्याच कारखान्यात मेंटेनन्सला. तुझ्याशी त्याचं जमायचं. तो समुद्राच्या गप्पा मारायचा, तू डोंगराच्या, आणि दोघंही एकमेकांना खोटं ठरवायचात.

निघताना तू म्हणालास, पिशवी गच्च भर, वर पाणी नाही. मी अर्धीच भरली. खांद्याला ओझं नको म्हणून. वर पोचेपर्यंत ती संपली. गडावरच्या टाक्यापाशी मी वाकलो तेव्हा तू मागून ओरडलास.

"सायेब, तो नको. ढोरां बसतात त्यात."

"मग फिल्टर कशाला घेतलाय?"

"तो हिरवा पाणी हाय. तुझी नळी बुजंल."

"बघ तर खरं."

तुला तेव्हा हसू आलं होतं, मला राग आला होता. मी पिशवी टाक्यात बुडवली. निदान रुमालानं तरी गाळून घ्यायचं, तेही नाही.

दहा-बारा घोटांत नळी बुजली. तू म्हणालास तशीच. गालफडं आत जाईपर्यंत ओढलं तरी थेंब येईना. असं झालं की फिल्टर उलट्या बाजूनं स्वच्छ पाण्यानं धुवायचा असतो. त्याची पिचकारी मिळते सोबत. ती घरी होती. आमच्या कारखान्यातही गाळणी तुंबली की हेच करतात, फक्त मोठ्या प्रमाणात. आणि ते करायचा कंटाळा येऊन एखाद्यानं गाळणी वगळून पाणी सरळ पुढे सोडलं तर त्याला बायपास म्हणतात. बायपास करणाऱ्याला मी घरी पाठवलेलं आहे. एकाला नाही, दोघांना.

मी एका कातळाआड गेलो. फिल्टर काढला. नळीची दोन टोकं एकमेकांत बसतात, तशी बसवली. फिल्टर पँटच्या खिशात घातला. दोन घोट घेऊन बघितले. पाणी भसाभसा आलं.

परत आलो तर प्रकाशची बाटली रिकामी. "दे रं दिल्या, तुझं ते मशीन."

मी नळी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "घे बिनधास्त. फिल्टर आहे."

फिल्टर माझ्या मांडीला ओला लागत होता.

का म्हणालो? चार वर्षं हाच प्रश्न. मला प्रकाशचं वाईट करायचं नव्हतं. सकाळी एवढं भाषण दिलं होतं, आणि तू तिथेच शेंगा सोलत बसला होतास. नळी बुजली हे तुझ्यासमोर कबूल करायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण शोधून बघितलं, सापडत नाही.

तिसऱ्या दिवशी प्रकाश पालघरच्या एका हॉस्पिटलात. जुलाब, उलट्या, अंगातलं सगळं पाणी गेलेलं, किडनीपर्यंत गेलंय म्हणाले. त्याची आई बाहेरच्या बाकावर पदर तोंडात धरून बसलेली. माझंही पोट दोन दिवस बिघडलं होतं. मी कामावर गेलो, कुणाला बोललो नाही. डॉक्टरनं विचारलं, पाणी कुठलं प्यायलात? प्रकाश म्हणाला, सकाळी पाड्यात झऱ्याचं प्यायलो, नंतर वर दिलीपचं, पण त्याला फिल्टर होता. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "झऱ्याचंच," म्हणाला, आणि लिहून घेतलं.

मी म्हटलं, "मी..." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मी चहा घेऊन येतो."

प्रकाश बरा झाला. आठ दिवसांनी घरी आला. मग ग्रुपवर सूचना आली, यापुढे पाड्यातलं पाणी कुणी पिऊ नये, आपापलं घेऊन यावं. तुझ्या पाड्याचं नाव घालून. खाली अंगठे उमटले. माझाही आहे. ती सूचना तुझ्या सुनेनं तुला मोबाइलवर वाचून दाखवली, हे मला नंतर समजलं.

त्यानंतर तू कारखान्याच्या गेटवर आलास. वॉचमननं आत फोन केला. "साहब, एक आदमी आया है गाँव से, बोतल में पानी लेके। बोलता है साहब को ही देगा।"

थंड पेयाची बाटली होती, धुऊन धुऊन लेबल निघालेली.

"तू पाणी तपासतूस ना? हा तपास आन कागद दे. मी त्यांना दाखवीन."

मी म्हटलं, अशा बाटलीतलं चालत नाही, निर्जंतुक बाटली लागते. ते खरंच आहे. तू नाद सोडशील, परत जाशील असं वाटलं होतं.

"मंग तुझी बाटली दे."

दिली. सांगितलं, भरल्यापासून सहा तासांत इथे यायला पाहिजे, आणि गार राहायला पाहिजे. हेही खरंच आहे. मी सगळं खरंच सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत वॉचमनचा फोन. "साहब, वो पानीवाला फिर आया है। बोलता है जल्दी आओ, गरम हो जाएगा।" कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आला होतास. बाटलीला ओलं फडकं, त्यावर पळसाची पानं, त्यावर सुतळी. लहान लेकरासारखी छातीशी धरलेली.

आमच्या कॅन्टीनच्या पाण्याचे नमुने ज्या प्रयोगशाळेत जातात, तिथे त्यांच्याबरोबर ती पाठवली. मी पाठवली हे खरं आहे, दादा. टाकून दिली नाही. चार दिवसांनी रिपोर्ट आला. जंतू नाहीत. पिण्यास योग्य. त्या महिन्यात आमच्या कॅन्टीनच्या पाण्याचा शेरा वाईट होता, तुझ्या झऱ्याचा चांगला.

मी रिपोर्टची घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवली.

कारण तो कागद तू घेऊन गेला असतास, प्रकाशला दाखवला असतास, डॉक्टरला दाखवला असतास, आणि मग कुणीतरी विचारलंच असतं, झऱ्याचं नाही तर कुठलं? झऱ्याशिवाय त्या दिवशी दुसरं एकच पाणी होतं.

तू फोन केलास. मी म्हटलं, अजून आला नाही. मग म्हटलं, नमुना खराब झाला असेल.

"परत आनू?"

"बघू."

"बघू म्हनजे नाय," म्हणालास, आणि ठेवलास.

त्यानंतर तू विचारलं नाहीस. ते विचारलं असतंस तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्यास तर आणखी बरं. पुढच्या थंडीत आम्ही परत आलो, प्रकाशही होता. अंगणात आलो आणि वहिनी बाहेर आली नाही. तू हायवेवरून आणलेलं सीलबंद बाटल्यांचं खोकं पुढे केलंस. आपल्या घरात, आपल्या हातानं. प्रकाश म्हणाला, "नको दादा, आमचं आहे आमच्यापाशी." तू खोकं तसंच परत नेलंस. मी तुझ्या पाठीकडे बघितलं. वाट दाखवलीस, झाडांना शिव्या दिल्यास, जेवू घातलंस, सगळं पहिल्यासारखं. फक्त पाणी पिणाऱ्याच्या गळ्याकडे बघायचं सोडून दिलं होतंस. कुणी पिऊ लागला की तू मान वळवायचास.

मीही तुझ्याकडे तेवढ्यातेवढ्यापुरताच येत राहिलो. ओळख तोडली नाही, कारण तोडली असती तर का तोडली ते सांगावं लागलं असतं. दर खेपेला वाटायचं, आज सांगू. परतीच्या जीपमध्ये वाटायचं, पुढच्या वेळी. बावन्न वर्षांचा माणूस, घरात बायको-मुलगी, हाताखाली अकरा माणसं, आणि एक वाक्य तोंडातून निघेना. आणि तू भात कापता कापता छातीला हात लावून बांधावर बसलास आणि उठलाच नाहीस. पुढची वेळ संपली.

तुझी बातमी आली त्याच्या चौथ्या दिवशी मी दांडीला गेलो. प्रकाश घरामागे मांडवावर बोंबील टांगत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तो आधी हसला.

"म्हंजे ढोरांचं पानी पाजलास मला? आन फुशारकी मारलीस फिल्टरची?"

"हो."

"जाऊ दे रं. मेलो थोडाच."

मला हायसं वाटलं. त्या क्षणाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, दादा. मग त्याचा हात थांबला.

"थांब. नवसूला काय सांगितलास?"

"काहीच नाही."

"मी त्याच्या दारात पानी नको म्हनलो." बोंबील त्याच्या हातात तसाच लोंबत होता. "त्यानं खोका धरला पुढं, आन मी नको म्हनलो. माझ्या तोंडानं. तू बाजूला उभा होतास दिल्या."

"होतो."

"मला हगवन लागली ती लागली. ती मी माफ केली. ही माफ करायला मी कोन?" असं म्हणून तो पाठ फिरवून परत कामाला लागला. मी थोडा वेळ उभा राहिलो. त्यानं वळून बघितलं नाही.

म्हणून मी काल तुझ्या दिवसकार्याला आलो. अंगणात पाड्यातली सगळी माणसं होती. यमुनावहिनी उंबऱ्याला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसलो आणि हळू आवाजात सुरुवात केली. तिनं अर्ध्यातच हात वर केला.

"माझ्या कानात नको सांगू. ग्रुपवर लिवला तवा कानात लिवला होता का? हुभा ऱ्हा आन सांग."

मी उभा राहिलो. दादा, मी शंभर माणसांसमोर सुरक्षा सप्ताहाची भाषणं दिली आहेत. तुझ्या अंगणात भाषण नव्हतं करायचं. सांगितलं. कातळ, खिसा, नळी, हॉस्पिटल, चहा, तुझी पळसाच्या पानांतली बाटली. रिपोर्ट बरोबर नेला होता, तो वाचून दाखवला. शब्द इंग्रजी होते, म्हणून शेवटी मराठीत म्हटलं, पाणी चांगलं आहे, पाणी चांगलंच होतं.

कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती, तुझी चुलती असावी. तिनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघितलं.

"पाणी बरा होता, हा आमाला ठावाच हाय. आमी रोज पितो. तू ह्यो सांग, तुला कवा कळला?"

खोटं बोलायला जागा नव्हती. कागदावर तारीख होती.

"चार वर्षं झाली, आजी."

"चार वर्सां," ती म्हणाली. वहिनीकडे वळली. "म्हनजे तो व्हता तवाच."

"व्हता," वहिनी म्हणाली. "हितंच बसायचा."